एअर रायफलची सुरुवात: सामान काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने घ्यायचं (खास कोकणातल्यांसाठी)

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची पोरं हल्ली १० मीटर एअर रायफलकडे (दाबलेल्या हवेने छर्रा उडवून दहा मीटरवरच्या टार्गेटवर नेम धरायचा खेळ) वळतायत, आणि जवळपास सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडकते. आधी रायफल घेतात, ती पण फोटो बघून, मग ती कुठे चालवायची ते शोधतात, मग छर्रे, मग पावसाळ्यात गंज. क्रम बरोब्बर उलटा पाहिजे. आधी जागा, मग अंगाचं माप, मग रायफल, मग छर्रे, आणि जॅकेट-बिकेट सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, मधलं सोडून पुढे उडी मारू नका.

एक आधीच सांगतो, कारण हा प्रश्न फार येतो. परदेशातले लोक घरच्या टेबलावर प्रेस लावून काडतुसं भरतात ते व्हिडिओ बघून विचारतात की आपण पण करू काय. नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे आणि कलम २५ खाली त्याची शिक्षा तुरुंगवासाची आहे, शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचं लायसन्स घरात आहे म्हणून काही काडतूस बनवायची परवानगी मिळत नाही. ज्यांना बारकाईचं, मापाचं, हजार वेळा तपासायचं काम आवडतं त्यांना एअर रायफलमध्ये तेवढंच मिळतं, दारू आणि कॅप सोडून.

१. कायद्याचं गणित (दुकानात जायच्या आधी)

आपल्याकडे नळी .१७७ म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठी नसेल आणि मझल एनर्जी (नळीच्या तोंडाशी छर्‍याची ताकद) २० जूलच्या आत असेल तर एअर रायफलला लायसन्स लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची कॉपी घेतो आणि रजिस्टरला नोंद करतो, ती करू द्या, आणि पक्कं बिल मागून घ्या. बिल नसलेली रायफल स्वस्तात मिळाली तरी नको, उद्या एसटीतून नेताना कोणी विचारलं तर दाखवणार काय?

२० जूल म्हणजे किती हे स्वतः काढता येतं. छर्‍याचं वजन किलोमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. मॅच (म्हणजे स्पर्धेच्या) रायफलचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे ०.०००५३ × २८९०० ÷ २, साधारण ७.७ जूल. खूप आत. आता जाहिरातीत "१००० एफपीएस" (सेकंदाला १००० फूट) लिहिलेली रायफल घ्या, तो वेग झाला सेकंदाला ३०५ मीटर. त्याच ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला खरंच तेवढा वेग मिळाला तर साडेचोवीस जूलच्या वर जातं, म्हणजे लायसन्सच्या हद्दीत. बहुतेक वेळा तो आकडा हलक्या अलॉयच्या छर्‍यावर काढलेला असतो आणि प्रत्यक्षात एनर्जी कमीच भरते, पण म्हणून अंदाजावर जाऊ नका, कंपनीने लिहून दिलेला जूलचा आकडा मागा. नाही देत? दुसरी रायफल बघा.

आणि तसंही १० मीटरवर वेगाचा काडीचा उपयोग नाही. जास्त वेग म्हणजे जास्त झटका, जास्त आवाज, मोठी स्प्रिंग, आणि ताणताना घाम.

> इशारा: गावात रायफल आली की पहिला प्रश्न येतो, "वांदरांक मारूक घेतलंस काय रे?" वांदर असो, शेकरू असो की झाडावरचा पक्षी, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली शिकार गुन्हा आहे, आणि एअरगनने केली म्हणून ती कमी होत नाही. शेजारी बागेसाठी मागायला आले तर उसनी देऊ नका. नातं बिघडलं तर बिघडू दे.

२. जागा आणि छर्रा अडवायची पेटी

१० मीटर म्हणजे फायरिंग लाईनपासून टार्गेटच्या कागदापर्यंत. जुन्या कौलारू घराची लांब पडवी असेल तर बहुतेक वेळा काम होतं, नाहीतर मांगर बघा. टेपने मोजा, पावलांनी नको. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर.

खळ्यात किंवा वाडीत उघड्यावर करू नका. वारा छर्रा हलवतो ते सोडाच, पण माडामागून कोण येतंय ते दिसत नाही आणि चुकलेला छर्रा कुंपणाच्या पलीकडे आरामात जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिर्‍याची भिंत किंवा गडगा मागे धरून टार्गेट लावणं. जांभा मऊ दिसतो म्हणून लोकांना वाटतं छर्रा त्यात रुतेल. पृष्ठभाग खडबडीत, प्रत्येक खाचेला वेगळा कोन, त्यामुळे छर्रा कुठे परतेल याचा नेम नाही आणि कधी थेट आपल्याकडे येतो. पेटी बनवा. लाकडी खोकं, मागे ३ मिमीचा लोखंडी पत्रा, पण उभा नाही, वरची कड आपल्या बाजूला झुकलेली असा तिरका, म्हणजे आपटलेला छर्रा खाली जातो. खाली वाळूचा ट्रे. पत्र्यापुढे जुने कपडे दाबून दाबून भरा, सैल भरले तर काही दिवसांत मधे खड्डा पडतो आणि छर्रे थेट पत्र्यावर वाजायला लागतात. आवाज बदलला की समजा भरण बदलायची वेळ झाली. खोकं स्वतः बनवायचं नसेल तर गावचा सुतार आणि वेल्डर मिळून एका दिवसात करून देतात, फक्त पत्र्याचा तिरका कोन कागदावर काढून द्या, तोंडी सांगितलं तर हमखास उभा बसवतात.

टार्गेटवर एक एलईडी लाईट सोडा, आपल्या डोळ्यात येणार नाही असा आडोसा करून. ही गोष्ट लोक वगळतात आणि मग साईटला (रायफलवरच्या नेम धरायच्या भागाला) दोष देतात.

> तपासा: फायरिंग लाईन आणि टार्गेट यांच्यामध्ये उघडणारं दार आहे? आतून कडी लागते? कडी नसेल तर आधी सुताराला बोलवा, रायफल नंतर.

३. शिसं

छर्रे शिशाचे असतात. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, तोपर्यंत चहा नाही, खारे शेंगदाणे नाहीत, तोंडात छर्रा धरायची सवय तर अजिबात नाही. पेटीजवळची जमीन झाडूने झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. वापरलेले छर्रे बरणीत साठवा, पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे. घरी वितळवून मासेमारीच्या गळाची वजनं ओतायची कल्पना प्रत्येकाला सुचते. बंद घरात, स्वयंपाकाच्या भांड्यात ते करू नका एवढंच सांगतो.

४. आधी स्वतःला मोजा

ही पायरी कोणी करत नाही आणि पुढचा सगळा पैसा इथेच वाया जातो.

पहिलं, मुख्य डोळा कुठला. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांच्या मधे छोटं त्रिकोणी भोक करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून चार मीटरवरची एखादी वस्तू, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळासारखं काहीतरी त्यात धरा. आता एक एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना वस्तू भोकातच राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताने जेवणारा माणूस डाव्या डोळ्याचा असू शकतो, आणि तसं निघालं तर रायफल घ्यायच्या आधीच ठरवा, डाव्या खांद्यावर शिकायचं की उजव्यावर राहून डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावायची. नवीन शिकणार्‍याला मी डावा खांदाच सांगेन. पट्टी लावायची झाली तर स्पर्धेच्या नियमात ती ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. आणि तो डोळा घट्ट मिटून नेम धरू नका, चेहरा ताणतो आणि पाच मिनिटांत उघडा डोळाही पाणावतो.

दुसरं, दस्त्याची लांबी. कोपर काटकोनात वाकवा, रायफलचं बूड कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज बसलं पाहिजे. ताणून पोचत असेल तर लांब, बोट पुढे जाऊन आडवं वळत असेल तर आखूड. वाढत्या वयाच्या पोरांसाठी बट-प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) मागेपुढे होणारीच घ्या, नाहीतर वर्षभरात बदलायची पाळी.

तिसरं वजन. नियमात रायफलची कमाल मर्यादा ५.५ किलो, पण मर्यादा आहे म्हणून तेवढी घ्यायची नसते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात पाच किलोची रायफल दिली तर ती नेम शिकत नाही, कंबर मागे मोडून वजन तोलायला शिकते आणि ती सवय नंतर काढता काढता कोच मेटाकुटीला येतो. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने मारताना, स्लिंग (रायफलला आधार देणारा पट्टा) वापरायला मिळत नाही हे पण ध्यानात ठेवा, सगळं वजन हाडांवर.

> तपासा: तीन गोष्टी कागदावर लिहिल्या? डोळा, दस्त्याची लांबी, झेपणारं वजन. तो कागद खिशात नसेल तर दुकानात जाऊ नका, तिथे गेल्यावर सगळ्याच रायफली आवडतात.

५. रायफल: स्प्रिंग की पीसीपी

स्प्रिंगवाली म्हणजे नळी मोडून ताणायची. किंमत हजारांत, बाहेरून हवा लागत नाही, गावात बसून चालते. तोटा असा की चाप दाबल्यावर पिस्टन आत धावतो आणि छर्रा नळीत असतानाच रायफल पुढेमागे हलते, त्यामुळे पकड रोज सारखी लागते. शिकायला वाईट नाही, उलट शिस्त लागते.

पीसीपी म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेली हवा. झटका जवळपास नाही, ट्रिगर हलका, स्पर्धेत सगळे हीच वापरतात. आयात केलेली मॅच रायफल लाखांच्या घरात जाते, भारतीय बनावटीची बरीच खाली.

माझं मत विचाराल तर पहिले सहा-आठ महिने साधी, कमी ताकदीची स्प्रिंग, किंवा जवळ क्लब असेल तर क्लबची रायफल. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दोन दिवस जाऊन नुसतं बघून, हातात धरून या. त्या प्रवासाचं भाडं चुकीच्या रायफलपेक्षा कितीतरी स्वस्त.

स्कोप नको. १० मीटरच्या स्पर्धेत तो चालतच नाही, मागे पीप साईट (बारीक भोकातून बघायची) आणि पुढे गोल रिंग लागते. तरी कोणाला हौसेसाठी लावायचाच असेल तर एअरगनसाठी बनवलेला आणि १० मीटरवर फोकस होणारा घ्या, स्प्रिंगचा उलटसुलट झटका साध्या स्कोपच्या काचा सैल करतो. पुढची रिंग निवडताना नवीन माणूस हटकून छोटी घेतो, नेम बारीक होईल म्हणून. काळ्या गोलाभोवती पांढरी कड स्वच्छ दिसेल एवढी मोठी घ्या, ती कड सगळीकडून सारखी आहे की नाही हेच डोळ्याला ओळखायचं असतं.

> इशारा: स्प्रिंग रायफल छर्‍याशिवाय रिकामी उडवू नका, पिस्टन आपटून सील जातं. छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवा, अडकण सुटली तर नळी झटक्यात मिटते आणि बोट मधे असतं. आणि मोडलेली नळी सिनेमातल्यासारखी फटकन मिटवू नका, सांधा वाकतो.

६. पीसीपी घेतलीत तर हवा कुठून आणणार?

हा प्रश्न खरेदीनंतर विचारायचा नसतो, पण विचारतात तेव्हाच. मॅच रायफलचा सिलिंडर साधारण २०० बारचा असतो, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हे काम नाही.

हातपंप मिळतो, पण आपल्या दमट हवेत तो पाणी ओढतो आणि ते सिलिंडरच्या आत जाऊन बसतं. ओलावा पकडणारा फिल्टर असलेलाच घ्या, थोडं भरलं की ब्लीड करा (पंपातली हवा-पाणी बाहेर सोडा), पंप तापला की थांबा. याहून बरं म्हणजे स्कूबाची टाकी. मालवण-तारकर्लीच्या बाजूला स्कूबावाले आहेत, त्यांच्या कॉम्प्रेसरला फिल्टर असतो कारण ती हवा माणसाने श्वासात घ्यायची असते, त्यामुळे कोरडी आणि स्वच्छ मिळते. आधी ओळख काढा, ते भरून देतात का विचारा, तुमच्या रायफलचा अडॅप्टर त्यांच्या व्हॉल्व्हला बसतो का ते प्रत्यक्ष लावून बघा, मगच टाकी घ्या. टाकीच्या मानेवर हायड्रो टेस्टची (टाकीच्या दाब-चाचणीची) तारीख कोरलेली असते, तिची मुदत उलटून गेलेली असेल तर कितीही स्वस्त असो, नको. रायफलच्या सिलिंडरवरही तारीख असते, उत्पादक साधारण १० वर्षांचं आयुष्य धरतात, आणि सेकंडहँड घेताना लोक नळीत डोकावून बघतात पण ही तारीख वाचत नाहीत.

भरताना व्हॉल्व्ह हळूच उघडा, सिलिंडर गरम होत असेल तर तुम्ही घाई करताय. पूर्ण रिकामा कधी ठेवू नका, थोडा दाब आत असला की ओलावा शिरत नाही. भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका.

> इशारा, आणि हा सगळ्यात मोठा: वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन भरू नका. कधीच नाही, थोडासा पण नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. "गॅस गॅसच असतो" म्हणणार्‍या वेल्डरला नमस्कार करून निघून या.

७. छर्रे निवडणं

इथे खरी मजा आहे आणि इथेच लोक घाई करतात. चपट्या डोक्याचे घ्या, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. टोकदार, घुमटाकार काही नको. डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. एकाच कंपनीचे हे तीन डबे एकाच रायफलमधून वेगवेगळे लागतात, आणि कुठला चांगला हे कोणी सांगू शकत नाही, तुमचा मित्र पण नाही, त्याची नळी वेगळी आहे.

म्हणून चाचणी करा. टेबलावर वाळूची पिशवी, रायफल त्यावर टेकवलेली. आधीच्या छर्‍याचा थर नळीत असतो, त्यामुळे डबा बदलला की पहिले दहा-पंधरा छर्रे मोजणीत धरू नका. मग पाच-पाच छर्‍यांचे निदान चार ग्रुप (कागदावरच्या भोकांचे पुंजके), प्रत्येकाला नवा कागद, कागदावर डब्याचं माप आणि लॉट नंबर लिहा. एकच सुंदर ग्रुप बघून हुरळून जाऊ नका, चारही बघा आणि त्यातला सगळ्यात वाईट कुठला ते बघा. ज्या डब्याचा वाईट ग्रुपसुद्धा लहान आहे तो डबा तुमचा. ग्रुप मधोमध लागला की बाजूला हा आत्ता मुद्दाच नाही, साईट फिरवून तो सरकवता येतो.

पटलं की त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे घ्या, पुढचा लॉट वेगळा वागू शकतो. प्रत्येक छर्रा वजन करून वेगळा काढायचं वेड पहिल्या वर्षी नको. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा आणून उपयोग नाही, चांगल्या डब्यात छर्‍या-छर्‍यातला फरकच तेवढा किंवा त्याहून कमी असतो. त्यापेक्षा प्रत्येक छर्‍याचा मागचा पोकळ घेर डोळ्याने बघा, चेपलेला असेल तर बाजूला टाका, तेवढं पुरे.

खार्‍या हवेत शिशावर पांढरी पूड धरते. डबा घट्ट झाकणाच्या बरणीत, आत सिलिका जेलची पुडी. घामट बोटांनी मूठभर काढून पुन्हा डब्यात टाकू नका, लागतील तेवढेच वाटीत घ्या.

८. पावसाळा

जून लागायच्या आत हे उरकून घ्या. रायफल फोमच्या केसमध्ये चार महिने बंद ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण, फोम ओल धरतो आणि ती नळीला लावून ठेवतो. चामड्याच्या कव्हरचं तेच. केस फक्त प्रवासाला. घरी लाकडी कपाटात उभी, कुलूप लावून, आत सिलिका जेल, किंवा जुन्या पद्धतीने तळाशी एक छोटा पिवळा बल्ब, कपड्यांपासून लांब. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतं पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, वेगळं भांडं ठेवा.

प्रत्येक वेळी हाताळून झालं की बाहेरचं लोखंड पातळ गन ऑईलच्या फडक्याने पुसायचं. खोबरेल नको, घरात असतं म्हणून लोक लावतात आणि ते काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरतं. तेल बाहेरच, स्प्रिंग रायफलच्या कॉम्प्रेशन चेंबरमध्ये थेंबही जाऊ देऊ नका. दाबलेल्या गरम हवेत ते पेटतं, धडाम आवाज येतो, धूर निघतो, आणि पोरांना वाटतं वा काय ताकद आली, तर ती सील आणि स्प्रिंग जाण्याची सुरुवात असते.

> तपासा: गणपतीच्या आधी एकदा दस्ता आणि नळी जिथे भेटतात ती फट बॅटरी मारून बघा. गंज तिथून सुरू होतो, वरून नळी चकचकीत दिसत असते.

९. जॅकेट, पँट, बूट

आत्ता नाही. कॅनव्हास-चामड्याचं शूटिंग जॅकेट मापाचं शिवून घ्यावं लागतं, जाडी आणि ताठरपणा स्पर्धेत मशीनवर तपासतात, आणि वाढत्या अंगाला ते एका वर्षात होत नाही. पहिले काही महिने सपाट तळाचे साधे बूट, अंगाबरोबरचा टीशर्ट, डाव्या हाताला जाडसर ग्लोव्ह. उभं राहायचं शरीर शिकलं की मग जॅकेटने फायदा होतो, आधी घेतलं तर जॅकेटच्या आधाराने चुकीचं उभं राहायची सवय लागते. जिल्हा असोसिएशनच्या स्पर्धेला नाव द्यायची वेळ आली की कोचला विचारून माप द्या, आणि आणल्यावर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकू नका, बुरशीने चामडं पांढरं होतं. हँगरवर, पंख्याच्या वार्‍यात, भिंतीला न टेकवता.